व्हिडिओ इंटरप्रिटिंग करायचंय आणि घरात एकच बेडरूम आहे, मग खोली, लाइट, कपडे यांचं काय करायचं?

नाशिकच्या पंचवटीतून एका मुलीचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. तिला अमेरिकेतल्या हॉस्पिटलांसाठी मराठी, हिंदी आणि इंग्रजी असं व्हिडिओवर दुभाष्याचं काम मिळालंय, ट्रेनिंग झालं, पंधरा दिवसांत शिफ्ट चालू होणार. घर वन बीएचके, घरात नवरा, सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. कंपनीनं लिहून दिलंय की बॅकग्राउंड न्यूट्रल हवं, कपडे प्रोफेशनल हवेत, खोली बंद आणि शांत हवी, बास एवढंच. ती विचारते की ग्रीन स्क्रीन घेऊ का, रिंग लाइट घेऊ का, टिकली-मंगळसूत्र काढून बसायचं का, साडी चालते का, आणि शेवटी लिहिलंय, "ताई, एवढ्याशा घरात हे खरंच जमेल का?"

जमेल गं. मी स्वतः इंदिरानगरला दोन खोल्यांच्या घरातून सुरुवात केली, आता अकरा वर्षं झाली, पहिली तीन वर्षं नुसत्या फोनवर आणि नंतर व्हिडिओवर. पण अजून काही विकत घेऊ नकोस. रिंग लाइट, ग्रीन स्क्रीन, चांगली खुर्ची, हे सगळं नंतर. आधी दार.

तू दिसणार कुठं ते डोळ्यापुढं आण. चाकांच्या स्टँडवर लावलेला एक टॅब्लेट, तो नर्स ढकलत आणते आणि पलंगापासून तीन-चार फुटांवर उभा करते. पलंगावर आपली कोणीतरी आजी, मुलाकडे गेलेली, आजारी पडलेली, समोरच्या माणसांचं एक अक्षर कळत नाहीये, हाताला सलाइन. आणि त्या टॅब्लेटवर वहीच्या पानाएवढी तू. तिच्यासाठी त्या खोलीत मराठी कळणारं माणूस म्हणजे तू एकटीच, आणि ती तुझ्यासमोर जे सांगणार आहे ते तिनं पोटच्या मुलालाही सांगितलेलं नसतं. म्हणून कपडे असोत नाहीतर भिंतीचा रंग, प्रत्येक गोष्ट त्या पलंगावरून बघायची. कंपनीच्या कागदावरचं "प्रोफेशनल" म्हणजे मला तरी एवढंच कळलंय.

एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं सगळं त्यातनं काढलंय. व्हिडिओची सुरुवातीची वर्षं होती, मे महिना, खोलीत फॅन बंद (माइकमधे आवाज जातो म्हणून), उकडतंय म्हणून मी दार उघडं ठेवून नुसता पडदा ओढला होता आणि पडदा माझ्या पाठीमागे. पलीकडे सत्तरीच्या बाई, डॉक्टर लघवीच्या त्रासाबद्दल विचारत होती, बाई अडखळत का होईना सांगायला लागल्या होत्या. तेवढ्यात पडद्यामागून घरातलं कोणीतरी गेलं, नुसती सावली हलली. बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या मागं कोण आहे ओ बाई?" मी डॉक्टरला इंग्रजीत सांगितलं की पेशंट असं विचारतायत, दोघींची माफी मागितली, उठून दार लावलं, परत बसले. उणीपुरी वीस सेकंदं गेली असतील. पण त्यानंतर डॉक्टरनं जे जे विचारलं त्याला बाईंचं एकच उत्तर, "तसा काही त्रास नाही." मी ते जसंच्या तसं सांगितलं, कारण आपलं काम तेच आहे, आणि डॉक्टरनं तसंच लिहून घेतलं असणार. त्या बाईंना त्रास होता हे मला माहिती होतं, त्या अर्धं वाक्य बोलल्या होत्या. ते अर्धं वाक्य अजून माझ्या डोक्यात आहे.

आता आपल्या मराठी घरात एक जास्तीची अडचण असते, ती परदेशात बसून लिहिलेल्या सूचनांमधे नसते. तिकडच्या सूचना म्हणतात हेडसेट लावा म्हणजे गोपनीयता राहते. अगं, हेडसेटनं पेशंटचा आणि डॉक्टरचा आवाज झाकला जातो, पण तू तर दोघांचं सगळं बोलणं मोठ्यानं बोलणारेस ना! आजी मराठीत सांगणार ते तू इंग्रजीत बोलणार, डॉक्टर इंग्रजीत सांगणार ते तू मराठीत, आणि बाहेर हॉलमधे बसलेल्या माणसांना दोन्ही कळतं. म्हणजे तुझा एकटीचा आवाज ऐकूनसुद्धा अख्खी केस कळते. आणि आपल्याकडे कुणाचं ना कुणाचं पोरगं अमेरिकेत असतंच, कॉलेज रोडच्या एखाद्या सोसायटीत चार दारं वाजवलीस तर एकीकडे तरी न्यू जर्सीतली सून निघेल. मराठी माणसांचा गोतावळा तिकडेही लहानच असतो, नाव न घेता नुसतं "नाशिकच्या बाई, मुलगा अमुक गावात" एवढ्यावरूनसुद्धा ओळख पटू शकते. अमेरिकेत १९९६ पासून हिपा नावाचा कायदा आहे, पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये म्हणून, आणि तिकडच्या नॅशनल कौन्सिल ऑन इंटरप्रिटिंग इन हेल्थ केअर या संस्थेनं २००४ मधे दुभाष्यांसाठी जी आचारसंहिता काढली तिच्यातही पहिलंच कलम गोपनीयतेचं आहे. पण कायदा बाजूला ठेव, आपल्या सासूबाईंच्या कानावर दुसऱ्या कुणाच्या तरी सासूबाईंचं दुखणं पडू नये, एवढी साधी गोष्ट आहे ती.

त्यामुळे पहिली परीक्षा ही कर. बेडरूममधे बस, दार लाव, रोजचा पेपर घे आणि कॉलवर बोलशील त्याच आवाजात एक बातमी वाच. सासूबाईंना हॉलमधे बसवून जेवढे शब्द कळतील तेवढे लिहायला सांग, टीव्ही बंद ठेवून. माझ्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा जवळजवळ अख्खी बातमी लिहून आली होती. आवाज भिंतीतून कमी जातो, दाराच्या खालच्या फटीतून आणि दाराच्या वरच्या जाळीतून जास्त. खालच्या फटीला रबरी पट्टी मिळते हार्डवेअरच्या दुकानात, दीडदोनशे रुपयांत काम होतं. वर जाळी असेल तर पुठ्ठा आणि त्यावर जुनी चादर दुमडून ठोकून टाक. आणि मग गोधडी. हो, गोधडीच. आपल्या फ्लॅटमधे खाली टाइल्स, चारी बाजूंना गुळगुळीत भिंती, आवाज घुमतो, पलीकडे बादलीत बोलल्यासारखं ऐकू जातं. लोक गोधडी पाठीमागे लावतात, ते चुकीचं नाही पण खरी गरज समोर असते, कारण तू बोलतेस समोरच्या भिंतीकडे आणि आवाज तिथनं उलटून माइकमधे येतो. लॅपटॉपच्या मागे दोरी बांधून दोन जाड गोधड्या टांग, कॅमेऱ्यात त्या दिसतही नाहीत. पलंगावरची गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, खाली सतरंजी, हे सगळं आवाज पितं. माझ्या आईनं शिवलेल्या दोन गोधड्या आहेत, अकरा वर्षं त्याच आहेत आणि त्यापुढे पातळ फोमच्या त्या काळ्या शीटा काहीच नाहीत, मी पैसे घालवून बघितलंय.

बसायची जागा कुठली? पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. काही जणींचं म्हणणं असतं की बंद दार पाठीमागे दिसलं तर पेशंटला विश्वास वाटतो. मला ते पटत नाही, दार दिसलं की माणूस ते उघडायची वाट बघतो. तोंड दाराकडे असलं तर कडी वाजली की तुला आधी कळतं, म्यूट करून हातानं थांबवता येतं. कडी मात्र आतनं लावायचीच, मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला हँडल फिरवता येतं.

आता मोठा प्रश्न, रात्रीचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे ७:३० आणि उन्हाळ्यात ६:३०, कारण ते लोक मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलतात. म्हणजे तुझी शिफ्ट चालू होणार ऐन स्वयंपाकाच्या वेळी आणि संपणार पहाटे, आणि मुलगा झोपणार कुठं? बेडरूममधे झोपलेलं मूल आणि कोपऱ्यात हळू आवाजात कॉल, हे करू नकोस. मूल झोपेत बोलतं, रडतं, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे तू त्याला उठवू नये म्हणून आवाज दाबून बोलशील आणि आजीला ऐकूच जाणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की शिफ्टपुरती बेडरूम तुझी आणि बाकी सगळ्यांच्या गाद्या हॉलमधे. स्वयंपाकघरात बसायचा विचार मनातसुद्धा आणू नकोस, फ्रिजची घरघर रात्री किती मोठी असते ते हेडसेट लावल्यावरच कळतं. गॅलरीला काचा लावून केलेली खोली तर त्याहून वाईट, रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्नसुद्धा आत येतो. हे सगळं घरात आधीच बोलून घे, पहिल्या शिफ्टच्या दिवशी नाही. सासूबाईंना काम समजावून सांग, अगदी नीट बसून, की मी एका आजारी बाईच्या उशाशी बसलेली असते आणि मधे दार वाजलं तर ती बाई गप्प होते. माझ्या सासूबाईंना हे एकदा सांगितल्यावर पुढे त्याच सगळ्यांना गप्प करायच्या, पाहुणे आले तरी.

खोलीत आणखी काय नको ते पटकन सांगते. आवाजावर चालणारा स्पीकर असेल तर बाहेर. मुलावर लक्ष ठेवायला लावलेला कॅमेरा असेल तर तो काढ, नुसता बंद नाही. स्वतःचा मोबाइल सायलेंटवर आणि पालथा. आणि नोट्ससाठी वही वापरू नकोस. आकडे, औषधांची नावं, डोस हे लिहून घ्यावंच लागतं, पण कागद उरतो आणि उरलेला कागद मग रद्दीत जातो किंवा पोराच्या हातात. मी मुलांची ती पांढरी पाटी असते ना, मार्करनं लिहायची, ती वापरते. कॉल संपला की फडकं, पुढच्या कॉलला पाटी कोरी. आणि सुरुवातीलाच सांगायचं की मी आकडे विसरू नयेत म्हणून लिहून घेतेय आणि नंतर पुसणार आहे, कारण तू मान खाली घातलीस की पलीकडे वाटतं बाई मोबाइल बघतेय.

बॅकग्राउंड. ग्रीन स्क्रीन घेऊ नकोस. तिला वेगळा लाइट लागतो, हिरवा रंग गालावर उमटतो आणि माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो, ते हॉस्पिटलच्या कॉलवर तर अगदीच नको. सॉफ्टवेअरचं खोटं बॅकग्राउंड किंवा ब्लर तर मला अजिबात आवडत नाही. हात वर केला की बोटं गायब होतात, केसांच्या कडा थरथरतात, कानातलं दिसतं आणि नाहीसं होतं, आणि आजारी माणसाला ते बघून गरगरतं. शिवाय जे लपवलंय त्याच्यामागं काय आहे हा प्रश्न उरतोच. साधी, खरी, मोकळी भिंत हवी, भिंत खराब असेल तर एकरंगी जाड पडदा, इस्त्री केलेला, वरपासून खालपर्यंत. रंग निळसर राखाडी किंवा फिका निळा. पांढरी भिंत मात्र नको, आणि याचं कारण कोणी सांगत नाही म्हणून सांगते. कॅमेरा स्वतःच उजेड ठरवतो, मागे पांढरंशुभ्र दिसलं की तो सगळं चित्र काळोखं करतो आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाचा चेहरा अजून काळवंडतो, ओठ दिसत नाहीत. तेच पांढऱ्या कुर्त्याचं. ऑइलपेंटची चकचकीत भिंत असेल तर लाइटचा ठिपका पडतो, त्यावरही पडदाच बरा.

देवाचा फोटो, कॅलेंडर, लग्नाचा फोटो, सगळं फ्रेमच्या बाहेर. यावर माझं एका मैत्रिणीशी वाजलंही होतं, ती म्हणायची आपल्या घरात देव आहे त्यात लपवायचं काय. लपवायचं काहीच नाही गं, पण आपण हिंदीही करतो. आज पलीकडे नाशिकच्या आजी असतील तर उद्या मालेगावकडचे एखादे चाचा असतील, परवा पंजाबमधून गेलेलं कोणी असेल. त्यांना आपण त्यांच्या बाजूचे आहोत असंही वाटायला नको आणि विरुद्ध बाजूचे असंही नको. भिंतीनं काही बोलू नये. हीच मैत्रीण आता कोर्टाची आणि इमिग्रेशनची कामं करते, तिथं तर हे फारच पाळावं लागतं.

मग टिकलीचं काय? टिकली लाव. ती तुझ्या अंगावरची तुझी रोजची गोष्ट आहे, तू जशी आहेस तशी दिसतेस. फक्त खड्याची नको, साधी मखमली लाव. खड्याच्या टिकलीवर समोरचा दिवा पडतो आणि कपाळाच्या मधोमध चमक मारते, तू मान हलवलीस की ती लुकलुकते आणि पेशंट तुझ्या डोळ्यांऐवजी तिथं बघत राहतो. मंगळसूत्र काढायची काही गरज नाही, पण लांब असेल तर आत घालून पिन कर, वाट्या एकमेकींवर आपटल्या की माइकमधे टिकटिक येते आणि हेडसेटची वायर त्यात अडकते. बांगड्या मात्र शिफ्टला काढून ठेव, काचेच्या तर नक्कीच. टेबलावर हात ठेवला की एकदा किणकिण, पाटीवर लिहिताना परत किणकिण, तुला घरात सवय आहे म्हणून जाणवत नाही, पण पलीकडे डॉक्टरच्या ते अगदी कानात वाजतं. घरात कोणाला बांगड्या काढलेल्या चालत नसतील तर कापडी कफ मनगटावर चढव, बांगड्या आत राहतात, मी लग्नसराईत तेच करते.

कपड्यांचं उत्तर एका ओळीचं आहे, एकरंगी, मध्यम गडद, न चमकणारं. नेव्ही ब्लू, बाटली हिरवा, मरून, गडद राखाडी. बारीक चौकटी आणि बारीक रेघा घालायच्या नाहीत, कॅमेऱ्यात त्यावर किडे चालल्यासारखं दिसतं. साडी जरूर चालते, सुती, एकरंगी, बारीक काठ, पदर पिनअप केलेला. येवल्याची पैठणी कितीही जीव की प्राण असली तरी जरीचा काठ खांद्यावर आला की लाइट उलटा कॅमेऱ्यात जातो. ऑर्गंझाच्या ओढणीचा खसखस आवाज माइक पकडतो. मी तर तीन कुर्ते फक्त शिफ्टसाठी ठेवलेत, कपाटात वेगळ्या हँगरला, ते घातले की घरातल्यांनाही कळतं ही आता कामावर गेली. कुर्त्याखाली सलवारही नीटच घाल, रात्री लाइट गेली की उठावं लागतं आणि कॅमेरा चालूच असतो. पुरुषांनी कॉलरचा शर्ट घालावा आणि दाढी ठेवायची असेल तर ओठ झाकणारी मिशी थोडी कापावी, कारण ऐकायला कमी येणारी म्हातारी माणसं ओठांकडे बघून समजून घेतात.

आणि आपल्या नाशिकची एक खास गोष्ट, रंगपंचमी. बाकीकडे धुळवडीला आटपतं, आपल्याकडे पाच दिवसांनी रंग, जुन्या नाशकात तर रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या जमिनीतल्या हौदात, उड्या मारतात लोक, तो रंग दोन-दोन दिवस जात नाही. कानाच्या पाळीमागे आणि नखांत राहिलेला गुलाबी रंग कॅमेऱ्यात रक्तासारखा दिसतो, हे एका नर्सनं काळजीनं विचारल्यावर मला कळलं. तेव्हापासून त्या दिवशी मी आधी खोबरेल तेल चोपडून, नखांना लावूनच बाहेर पडते, किंवा सुट्टी आधीच टाकते.

लाइट. नुसता वरचा ट्यूबलाइट असेल तर डोळ्यांखाली खड्डे दिसतात. उजेड समोरून यायला हवा, डोळ्यांच्या थोडा वरून आणि एका बाजूने. रिंग लाइट चष्मा नसेल तर चालेल, तू चष्मा लावतेस का ते लिहिलं नाहीस, असेल तर अजिबात घेऊ नकोस, दोन्ही काचांत दोन गोल बांगड्या दिसतात आणि डोळे दिसतच नाहीत. मी साधा टेबललॅम्प समोरच्या भिंतीकडे तोंड करून ठेवते, उजेड भिंतीवरून उलटून चेहऱ्यावर मऊ पडतो. गोधड्या लॅपटॉपच्या मागे आहेत म्हणून त्यातल्या वरच्या बाजूला पांढरी चादर टाकली, झालं. बल्ब ४००० केल्विनचा, ज्याला दुकानात नॅचरल व्हाइट म्हणतात तो, पिवळाही नको आणि निळसर पांढराही नको, आणि खोलीत सगळे बल्ब एकाच रंगाचे. आता एक बारीक गोष्ट जी मला दोन वर्षं कळली नव्हती. कधीकधी चित्रावर आडव्या काळ्या पट्ट्या हळूहळू सरकताना दिसतात, मी तीनदा बल्ब बदलले. कारण असं की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि वेबकॅम बऱ्याचदा अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर ठेवलेला असतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधे पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी असं लिहिलेलं असतं, तिथं ५० कर, पट्ट्या जातात.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला. लॅपटॉप टेबलावर ठेवला की तो खालून बघतो, नाकपुड्या आणि छताचा पंखा दिसतो आणि पलंगावरच्या माणसाला वाटतं आपल्याकडे कोणी वाकून बघतंय. लॅपटॉपखाली देवघरातले दोन पाट ठेव, उंची बरोबर येते, टाइप करायला वेगळा कीबोर्ड घे. फ्रेममधे डोक्याच्या वर चार बोटं जागा आणि खाली छातीपर्यंत, हात थोडे दिसले पाहिजेत. आणि बोलताना कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघ, स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे नाही, नाहीतर आजीला वाटतं बाई खाली बघून बोलतेय. मी त्या व्हिडिओची खिडकी लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली सरकवते, म्हणजे दोन्ही जमतं. तपासणी चालू व्हायची असेल, कपडे बाजूला करायचे असतील, तर डॉक्टरला सांगायचं की टॅब्लेट भिंतीकडे वळवा, आवाज येत राहील. हे कोणी सांगायची वाट बघू नकोस, तूच म्हण. पेशंट त्या एका वाक्यानं किती सैल होतो ते आवाजात ऐकू येतं.

सांकेतिक भाषेचे दुभाषी असतील तर त्यांचं गणित वेगळं, त्यांना चेहऱ्याइतकेच हात महत्त्वाचे. अमेरिकेत अपंगांच्या कायद्याखाली २०१० मधे जे नियम आले त्यात व्हिडिओ दुभाष्याचा चेहरा, दंड, हात आणि बोटं स्पष्ट आणि पुरेशी मोठी दिसली पाहिजेत असं सरळ लिहिलंय. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेत अक्षरं दोन्ही हातांनी दाखवतात, म्हणून फ्रेम रुंद, दोन्ही कोपरं आत. गव्हाळ रंगाच्या हातांसमोर काळा किंवा गडद निळा साधा कुर्ता, अंगठ्या नाहीत, नेलपेंट नाही, मेंदी असेल तर ती उतरेपर्यंत शक्यतो काम घेत नाहीत माझ्या ओळखीतल्या एक जण.

आवाज आणि नेट. पैसे घालायचेच असतील तर इथं घाल, कॅमेऱ्यावर नको. वायरचा यूएसबी हेडसेट, तोंडासमोर दांडी असलेला, माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं लांब, अगदी समोर नाही, नाहीतर प आणि फ ला फुसफुस होते. ब्लूटूथ नको, माइक चालू झाला की त्याचा आवाज फोनसारखा दबका होतो आणि थोडा उशिराही येतो, आणि चार्जिंग संपायची वेळ नेहमी वाईटच असते. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत केबल ओढ, वायफायवर विसंबू नकोस. आणि डाउनलोडपेक्षा अपलोड बघ, तुझा चेहरा तिकडे जातो तो अपलोडनं.

लाइट जाण्याचं मात्र सविस्तर सांगते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून मी निर्धास्त होते. एकदा एका पेशंटच्या ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म वाचून चालला होता, धोके काय काय ते मी मराठीत सांगत होते, आणि लाइट गेली. लॅपटॉप चालू राहिला, इन्व्हर्टरही लगेच आला, पण त्या क्षणभराच्या फटीत राउटर बंद होऊन परत चालू झाला, आणि त्याला नेट पकडायला तीन मिनिटं लागली. पेशंटसमोर मी अर्ध्या वाक्यात गोठलेली. त्यांनी दुसरा दुभाषी जोडला आणि सगळा फॉर्म पहिल्यापासून. म्हणून दोन गोष्टी आत्ताच कर. एक, इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू कर, त्यात बदल फार झटकन होतो. दोन, राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, मला १,६०० ला पडला, एमजी रोडवर मिळतो, तो राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही चालवेल असा बघून घे. आणि मोबाइलचं नेट दुसऱ्या कंपनीचं ठेव, कारण आता सिंहस्थ २०२७ च्या तयारीत रस्ते खोदले जातात आणि फायबर तुटली की दोन तासही जातात, दिवसही जातो. हॉटस्पॉटवर कसं जायचं याची दोन-तीनदा प्रॅक्टिस कर, अंधारात.

बाहेरचे आवाज तुझ्या हातात नाहीत. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना ढोलपथकांचा सराव चालतो तो नेमका संध्याकाळी, म्हणजे तुझ्या शिफ्टच्या सुरुवातीला, आणि पंचवटीत गंगेच्या (गोदावरीच्या) काठाला राहतेस म्हणजे आवाज येणारच. देवळालीच्या बाजूच्या एका ओळखीच्या बाईंना तोफांचा सराव ऐकू येतो. खिडकीला जाड पडदा आणि त्यावर अजून एक गोधडी, एवढं केलं की थोडंफार कमी होतं. हेडसेटचं आवाज गाळणारं सॉफ्टवेअर हलकंच ठेव, जास्त केलं की वाक्याची पहिली अक्षरं खातं, आणि "नाही" मधला "ना" खाल्ला तर काय होईल याचा विचार कर. फारच झालं तर त्या दिवसांत शिफ्ट दोन तास पुढे मागून घे, आधी सांगितलं तर बहुतेक वेळा देतात.

सगळं लावून झालं की विकत काही घ्यायच्या आधी एक कर. रात्रीच कर, दिवसा खिडकीचा उजेड फसवतो. लॅपटॉपसमोर नवऱ्याला बसव, तुझा कुर्ता नाही पण त्याच रंगाचा शर्ट घालून, आणि त्याला पेपर वाचायला सांग. तू हॉलमधे जमिनीवर गादी टाकून आडवी हो, चार फुटांवर स्टुलावर एखादा टॅब किंवा मोबाइल उभा करून त्याच्याशी कॉल जोड, चष्मा असेल तर काढून ठेव, आणि उशीवर डोकं ठेवून बघ की त्याचे ओठ हलताना दिसतात का, डोळे तुझ्याकडे आहेत का, आणि आवाज फक्त त्या मोबाइलमधून येतोय की बंद दारातूनही.